घराण्याची थोरली

जानेफळहून सिंदखेडराजाला निघालं की आधी मेहकर, मग दुसरबीड. १२ जानेवारीला या वाटेवरच्या गाड्या राजवाड्याकडे वळतात, जिजाऊंच्या जन्मस्थानाकडे. तिथं माथा टेकवावाच. पण ज्याला जाधवांच्या घराण्याची सगळी हकिकत ऐकायची आहे, त्यानं जिजाऊंच्या वडिलांच्या, लखुजीराजांच्या समाधीपुढे उभं राहावं. घरातली थोरली ती. वाडा लेकीचं कौतुक सांगतो. हिच्याकडे गेलेल्यांचा हिशेब आहे.

अंगानं भक्कम. घडीव दगड, चुना, कमानी, माथ्यावर घुमट. सगळं वळण दख्खनी सुलतानांच्या काळातलं. जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत आणि चाकरी निजामशहाची करत. हिनं ते कधी लपवलं नाही. ज्या दरबारात घराणं वाढलं, त्याचाच पेहराव अंगावर घालून ती उभी आहे.

आणि त्याच दरबारानं घात केला. २५ जुलै १६२९, दौलताबाद. मुजऱ्याला गेलेले लखुजी, मुलगे अचलोजी आणि रघोजी, नातू यशवंतराव, चौघेही कापले गेले. एका घरातल्या तीन पिढ्या एका दिवसात! जिजाऊ तेव्हा पोटुशी होत्या. पुढे पुरते सात महिनेही गेले नाहीत, तोच १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले. बाप, दोन भाऊ आणि भाचा गेल्याची बातमी पोटातल्या बाळासकट त्या माउलीनं कशी सोसली असेल, हा विचार मला इथं आल्यावर दर वेळी छळतो.

रक्त त्याआधीही सांडलं होतं. दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्या गर्दीत जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडले, असं बखरी सांगतात. लखुजींचे पुत्र दत्ताजी भोसल्यांच्या संभाजींच्या हातून पडले. त्या संभाजींना, म्हणजे शहाजीराजांच्या चुलतभावाला, लखुजींनी मारलं. माहेर आणि सासर यांच्यात वैर पेटलं, आणि दोन्ही घरांचं सुतक जिजाऊंच्या वाट्याला आलं.

तरी वेल तुटली नाही. अचलोजींच्या वंशात धनाजी जाधव झाले, राजाराम महाराजांचे सेनापती. त्यांचे पुत्र चंद्रसेन मात्र शाहू महाराजांना सोडून ताराबाईंकडे आणि शेवटी निजामाकडे गेले. एकाच घरातली माणसं दोन दरबारांत, हे या घराण्याचं भोगणं पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

थोरलीच्या पायाशी आणखी जुनं काही दडलं होतं. २०२४ मध्ये डागडुजी करताना पुरातत्त्व खात्याला तिच्या आवारात दगड दिसले. खणत गेले तर मंदिराचा पाया लागला आणि मग शेषशायी विष्णू. शेषावर पहुडलेला देव, पाय चुरणारी लक्ष्मी, खालच्या पट्टीत समुद्रमंथन.

आपल्या भागातल्या शाळांच्या सहली वाड्यापर्यंत जातात आणि तिथूनच परततात. मास्तरांनी पोरांना समाधीपर्यंत न्यावं. जिजाऊंचा जयघोष झाला की लखुजी, अचलोजी, रघोजी, यशवंतराव ही नावंही त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्यावीत.