शनिवार तळघरांत

थोर पुरुषांचीं घरें पाहावयास जाणें म्हणजे बहुधा त्यांची खुर्ची, चष्मा आणि दौत-लेखणी पाहून परत येणें. मोठेपणा खुर्चींत उरत नाहीं हें ठाऊक असूनहि आपण दोरीपलीकडे मान लांबवितोंच. व्हर्जिनियांत शार्लट्सव्हिल गांवानजीकच्या टेकडीवर अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांचा मॉंटिचेलो नांवाचा वाडा आहे. तेथें मीं पाऊल टाकलें तें याच भाविकपणानें.

आंत शिरतांच दारावर एक थोरलें घड्याळ दिसतें. त्याचीं तोफगोळ्यांसारखीं वजनें दोरांवरून भिंतीच्या कडेनें हळूहळू खालीं उतरतात. भिंतीवर वारांचीं नांवें आहेत. वजन ज्या नांवाशीं येईल तो वार. रविवारीं किल्ली द्यावयाची. पण दालनाची उंची कमी पडली, आणि आठवडा पुरा होण्यास जागाच उरेना! तेव्हां जमिनीस भोंक पाडलें, आणि शनिवार तळघरांत गेला. हें ऐकून आमचा सारा घोळका हंसला, मीहि हंसलों.

अशा युक्त्या घरभर आहेत. पत्र लिहितां लिहितां त्याची नक्कल उतरविणारें यंत्र आहे. भोजनगृहांत शेकोटीच्या दोन्ही बाजूंस लपविलेले पाळणे आहेत. त्यांतून तळघरांतील मद्याच्या बाटल्या वर येत. एका दारास फळ्या ठोकल्या आहेत. पलीकडून पदार्थ मांडावे, दार फिरवावें, कीं ते भोजनगृहांत हजर. वाढपी दृष्टीसहि पडावयाचा नाहीं. या कल्पकतेचें मला प्रथम फार कौतुक वाटलें. मग मनांत आलें, बाटली खालून ठेवी तो कोण? समतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या पुरुषाच्या मालकीचीं आयुष्यभरांत ६०० वर माणसें होतीं.

जेफर्सन १८२६ च्या ४ जुलैस वारले, ते लाखावर डॉलरांचें कर्ज ठेवून. पुढच्याच जानेवारींत लिलाव पुकारला गेला. घरांतील सामान आणि १३० माणसें. जोसेफ फॉसेट या लोहारास मृत्युपत्रानें मुक्तता दिली होती, परंतु त्याची पत्नी ईडिथ आणि मुलें लिलावांत गेलीं. हीच ईडिथ अध्यक्षांच्या निवासांत फ्रेंच पाकक्रिया शिकून आलेली. १९२३ सालीं एका संस्थेनें हें घर विकत घेतलें, तें दुरुस्त केलें, आणि विकलेलें पुष्कळसें सामान शोधशोधून परत आणलें. माणसांच्या वंशजांचा शोध १९९३ सालीं सुरू झाला.

दक्षिणेकडील अंगास एक लहानशी खोली आहे. जेफर्सनांच्या मुलांची दासी आई सॅली हेमिंग्ज तेथें राहत असावी असें मानतात. विसाव्या शतकांत त्या जागीं प्रेक्षकांचें शौचगृह होतें. २०१८ पासून तेथें तिचें प्रदर्शन आहे. तिचें चित्र उपलब्ध नाहीं, आणि कल्पनेनें काढण्याचा मोह तेथील लोकांनीं टाळला, हें मला फार आवडलें. एक रिकामा पोषाख, भिंतीवर छाया, आणि तिचा पुत्र मॅडिसन याचे शब्द, एवढेंच.

मॅडिसननें आपली हकीकत १८७३ सालीं ओहायोंतील एका वृत्तपत्रांत सांगितली. त्याच सालीं जोतीराव फुल्यांनीं 'गुलामगिरी' प्रसिद्ध करून ती गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केली. जोतीरावांचा जन्महि त्या लिलावाच्याच वर्षाचा. अर्पणपत्रिकेंतील ते लोक म्हणजे माझ्या डोळ्यांपुढें नेहमीं कोणी गोरे, गंभीर पुढारी उभे राहत. मॅडिसन मला कधीं आठवला नव्हता. आठवणार तरी कसा?

टेकडीच्या उतारावर जेफर्सनांची समाधि आहे. त्यांनींच ठरविलेल्या लेखांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि विद्यापीठ यांचा उल्लेख आहे, अध्यक्षपदाचा नाहीं. हें वाचून मान पुन्हां लवली. आदर अजीबात नाहींसा झाला असता तर मला परतणें सोपें गेलें असतें.

निघण्यापूर्वीं तळघरांतून पुन्हां एक फेरी मारली. वरच्या भोंकाखालीं उभा राहिलों. त्या दिवशीं गुरुवार होता. वजन अजून वरच होतें.