दुसऱ्या वर्षीचं बोलावणं

आमच्या अकोले-संगमनेर पट्ट्यात एखाद्या माणसाचं नाव पंचक्रोशीत व्हायचं ते सप्ताहाच्या पत्रिकेवरून. पातळ पिवळा नाहीतर गुलाबी कागद, वर विठ्ठल-रखुमाई, खाली सात रात्रींचे सात कीर्तनकार आणि आठवा काल्याचा. प्रत्येकाचा पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो, तळाशी पंगती देणाऱ्यांची यादी. ही पत्रिका दूध डेअरीच्या दारावर, किराणा दुकानाच्या फळीवर, एसटी स्टँडच्या खांबावर खळीनं चिकटवलेली असायची. “सोमवारी कोण हाय रं?” एवढं विचारून माणसं ठरवायची, रात्री कीर्तनाला जायचं की गव्हाला पाणी धरायचं.

आज ती पत्रिका फोनवर येते. पाहुण्याचा चेहरा पडदाभर, शेजारी दोन माइक, वर चार ठळक शब्द. ‘थिंक बँक’, ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ ही पॉडकास्टची नावं आता गावातल्या पोरांच्याही तोंडी असतात. डाळिंबाची बाग लावलेला, स्पर्धा परीक्षेचा क्लास काढलेला, गावरान तुपाचा धंदा करणारा, जो तो म्हणतो, “एकदा पॉडकास्टवर गेलो ना, की झालं!” हिशेब सरळ आहे. स्वतःचं चॅनल काढून माणसं जमवायला वर्षं जातात. दुसऱ्याच्या मंचावर तासभर बसलं, की त्याची जमलेली माणसं आयती आपल्याला ऐकतात.

हा हिशेब कीर्तनकारांना फार आधी कळला होता. त्यांना स्वतःचा मंडप कधीच नव्हता. मंडप गावाचा, टाळकरी गावचे, वीणा पहारेकऱ्याच्या गळ्यात, मृदंगाचार्य शेजारगावाहून आणलेला. महाराज यायचे ते एक पिशवी घेऊन. नऊ ते अकरा उभं राहायचं, कर्ण्यातून आवाज मळ्यांपर्यंत पोचायचा. पण त्यांचा श्रोता वाढायचा तो कीर्तन संपल्यावर, मंडपाच्या मागच्या अंगाला. घामानं भिजलेला सदरा, सैल केलेला फेटा, हातात दुधाचा पेला, आणि भोवती दुसऱ्या गावची चार माणसं नारळ घेऊन उभी. महाराज पिशवीतून डायरी काढायचे, बोटानं तिथी शोधायचे. “वद्य पंचमी मोकळी आहे, पण मुक्कामाला थांबता येणार नाही.” तारीख लागली, की नारळ हातात. त्या चार जणांनी गावात जाऊन शब्द टाकलेला असायचा: आम्ही ऐकलाय, माणूस चांगलाय. कीर्तन फसलं, तर महाराजांच्या आधी त्या चौघांची लाज जायची.

अशा बोलावण्यांतून नाव गावागावांत पसरायचं. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सप्ताह तर आजही दर श्रावणात नव्या गावी भरतो. तिथं कीर्तनाला उभं राहायला मिळालं, की नगर, नाशिक आणि संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांना एकदम नाव कळतं.

शिकल्या-सवरलेल्यांची सोय व्याख्यानमालेत होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढं तालुक्यातालुक्यांत तशा माला निघाल्या. संगमनेरात शाहीर अनंत फंदींच्या नावानं निघाली. वक्त्याला गाडीखर्च, पाकीट, कार्यवाहांच्या घरी जेवण. जेवताना कार्यवाह विचारायचे, “श्रीरामपूरवाल्यांना तुमचा नंबर देऊ का?” मग आकाशवाणीचं अहमदनगर केंद्र आलं. १००.१वर आपल्याच तालुक्यातला शेतकरी ठिबकवर बोलताना ऐकला, की माणसं दुसऱ्या रविवारी त्याचा पत्ता विचारत बांधावर हजर. तिथं बाग दिसायची. नसली, तर तेही दिसायचं.

गावात पाण्याचं काम उभं केलेल्या हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांचं भाषण जिथं जिथं झालं, तिथून माणसं गाड्या करून हिवऱ्याला आली ती याच खोडीनं. बंधारे मोजले, विहिरीत डोकावली, मग मान्य केलं. वक्ता जे बोलला, ते बघायला एक गाव होतं.

आता ऐकणारे लाखांनी आहेत आणि बोलावणाऱ्याचा शब्द मधून निघून गेलाय. तासाभराच्या गप्पांतलं चाळीस सेकंदांचं वाक्य सुटं होऊन फिरतं. ते कुणी विचारलं, कुठल्या संदर्भात निघालं, काही कळत नाही. याचा लाभ आणि फटका दोन्ही आमच्याच पट्ट्यानं जवळून पाहिलेत. इंदोरीचे कीर्तनकार निवृत्ती महाराज यूट्यूबमुळं महाराष्ट्रभर पोचले. सप्ताहाला कधी न गेलेल्या शहरी पोरांना त्यांच्या लकबी पाठ झाल्या. त्याच क्लिपांमधून २०२०मध्ये त्यांच्या एका विधानावर वाद पेटला आणि प्रकरण संगमनेरच्या कोर्टापर्यंत गेलं. क्लिपा काढणाऱ्यांवर त्यांनी भर कीर्तनात राग काढलाय. विधान चूक की बरोबर, हा वाद वेगळा. पण मंडपात बोललेल्याची झाडाझडती पूर्वी पंगतीतच व्हायची, आता ती मंडप कधी न पाहिलेला माणूस करतो.

तरीही जुनं सगळं चांगलं होतं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. सप्ताह कमिटीत कोण बसायचं आणि नारळ कुणाच्या हातात पडायचा, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. बाईचा फोटो पत्रिकेवर यायचा तो क्वचित. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या. गावरान बियाणं जपणाऱ्या या बाईला त्या काळात कुठल्या व्याख्यानमालेनं बोलावलं असतं? २०१८मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं, २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि मंचांची रीघ लागली. राहीबाई कुठंही गेल्या, तरी बोलतात वालाबद्दल, भाताच्या वाणांबद्दल, मडक्यात राखेत ठेवलेल्या बियांबद्दल. ऐकणाऱ्याला त्या लक्षात राहतात, आणि वालही.

पॉडकास्टवर जाऊ बघणाऱ्या पोरांनी हे धरून ठेवावं. पाहुणा स्वतःची चढाई सांगत बसला, की तासाभरात संपतो. पाहुण्यानं काम आणलं, तर ऐकणारा त्या कामाच्या मागं येतो. पहिलं बोलावणं ओळखीनं मिळतं, गाजलेल्या एखाद्या क्लिपनं मिळतं, कधी पैसे मोजूनही. आमच्याकडं मात्र महाराजांची किंमत एका वर्षात कुणी करत नसे. पुढच्या वर्षी पत्रिका छापायला गेली, की त्याच गावानं तेच नाव पुन्हा घातलं का, एवढंच लोक बघायचे. व्ह्यूजचा आकडा जरूर बघा. पण ज्यानं एकदा समोर बसवलं, त्यानं वर्षभरानं आपणहून पुन्हा फोन केला का, हेही बघा. श्रोता आपला झाला की मंचवाल्याचाच राहिला, ते त्या फोनवरून कळतं.