बाळाला छातीशी धरताना
सोलापूरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या सुनेचे बाळ अवघे २.६ किलोचे. भेट आलेल्या बकलांच्या कॅरियरवर किमान वजन ३.५ किलो छापलेले. त्यात बाळ खाली घसरे आणि हनुवटी छातीला टेके. तान्ह्याचा श्वास अशानेच कोंडतो. कॅरियर कपाटात गेला.

उरले पाच मीटरचे ताणले जाणारे होजिअरी कापड. सासऱ्यांनी ते बोटांत ताणून पाहिले, तेव्हा कुठे घरच्यांना धीर आला! पण कापड सैल बांधले तर धोका तोच. बाळ उभे, गुडघे कमरेहून किंचित वर, चेहरा उघडा, कपाळ आईच्या ओठांजवळ, हे साधायला तिला आठवडा लागला. वैशाखात मात्र त्या तीन पदरांत दोघेही घामेजत. मग पाळणाच बरा.

वजनकाट्यावर बाळ दर रविवारी चढते. आता ३.१ किलो.