निमंत्रणास उत्तर

आपल्या घरांतून निमंत्रण देण्याचे संस्कार पुष्कळ आहेत. निमंत्रणास उत्तर देण्याचे मात्र नाहींत. पंचवटींतल्या एखाद्या वाड्यांत कोणी अक्षत घेऊन आलें, म्हणजे वडील माणूस "अवश्य येऊं" एवढें म्हणतो, आणि यजमान त्यावरून पानांचा अंदाज बांधतो. "बघूं, जमवूं" याचा अर्थ बहुधा नकार, हें उभय पक्षांस ठाऊक असतें. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखींत हें चालून जातें. कचेरींत चालत नाहीं.

सातपूर-अंबडच्या कचेऱ्यांतून नव्यानें रुजू होणाऱ्या मुलामुलींस बैठकीचीं बोलावणीं आतां संगणकावरील कॅलेंडरांतून येतात. त्यांखालीं तीन उत्तरें तयार असतात: येतों, येत नाहीं, कदाचित्. आमची एक भाची अशाच एका कचेरींत लागली. वरिष्ठांच्या बोलावण्यास 'स्वीकारलें' असें कळविणें तिला उद्धटपणाचें वाटे. ती निमूटपणें वेळेवर हजर राही. दोन महिन्यांनीं तिच्याविषयीं 'बैठकींबाबत उदासीन' असा शेरा पडला. बोलावणाऱ्यास तिच्या नांवापुढें उत्तराची जागा कोरी दिसत होती. तिच्या मनांतील आदर दिसत नव्हता.

तिला आम्हीं जें सांगितलें, तें येथें नमूद करितों. बोलावणें आलें कीं त्याच दिवशीं उत्तर द्यावें. आउटलुकमध्यें उत्तर न पाठवितां स्वीकारण्याची सोय आहे. नव्या माणसानें ती वापरूं नये. त्याच वेळीं दुसरें काम असेल, तर आपल्या वरिष्ठांस विचारून मग नकार द्यावा, आणि नकारासोबत एका ओळीचें कारण व दुसरी सोयीची वेळ कळवावी. दर आठवड्याच्या बैठकीस एकदांच गैरहजर राहावयाचें असेल, तर त्या दिवसापुरताच नकार द्यावा. साऱ्या मालिकेस दिल्यास पुढील सर्वच बैठकींस आपण नाहीं असें होतें. परदेशांतील मंडळींच्या बैठकीची वेळ मार्च व नोव्हेंबर महिन्यांत पुन्हां पाहावी. अमेरिकेंत तेव्हां घड्याळें बदलतात. न्यूयॉर्कची सकाळीं नऊची बैठक नाशिकांत उन्हाळ्यांत सायंकाळीं साडेसहास, तर हिवाळ्यांत साडेसातास भरते. स्वीकार करण्यापूर्वीं ती वेळ आपल्यास व घरच्यांस झेपेल काय, याचाही विचार करावा. न झेपल्यास आरंभींच सांगणें बरें.

'कदाचित्' हें उत्तर आमच्या तरुणांस फार प्रिय आहे, कारण तें घरच्या 'बघूं'चें सख्खें भावंड! परंतु तें उत्तर नव्हे, उसनवारी आहे. घेतल्यास केव्हां फेडूं तें त्याच वेळीं सांगावें, आणि बैठकीपूर्वीं फेडावी.

हा धडा कचेरीनें शिकविण्याची वाट कां पाहावी? कोणी बोलावलें असतां "येतों" किंवा "या खेपेस जमणार नाहीं" असें स्पष्ट व गोड शब्दांत सांगतांना मुलांनीं आपणांस ऐकलें, तर पुढें त्यांस तें जड जाणार नाहीं. आणि यजमानाचें मांडलेलें पानही रिकामें राहणार नाहीं.