हलकी गाडी, वळणाचा घाट

पाठीच्या दुखण्यानंतर जड गाडी पेलवेना, म्हणून ती विकून जुनी एक्सपल्स ही मातीच्या वाटांची हलकी मोटारसायकल घेतली. पुढचं २१ आणि मागचं १८ इंची चाक काढून दोन्हीकडे १७ इंची चाकं बसवली, वर रस्त्याचे रुंद टायर. सुपरमोटो म्हणजे मुळात एवढंच: मातीतली उंच, हलकी गाडी डांबरावर आणायची. १९७९मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका टीव्ही-शर्यतीतून हा प्रकार नावारूपाला आला.

भोर सोडलं, नीरा देवघरचं पाणी मागे पडलं आणि वरंधा घाट सुरू झाला. वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला की फोर्क किंचित बसतो, टायर रस्त्याला चिकटतो. मग ब्रेक हळूहळू सोडत आतल्या बाजूचं हँडल नुसतं ढकलायचं. गाडी आपल्याखाली झुकते, आपण मात्र ताठच. उंच बसल्यामुळे वळणाच्या आतल्या कडेची खडी, झऱ्याचा ओला पट्टा आधीच दिसतो. वेग जेमतेम चाळीस. जुन्या गाडीवर याच्या दुप्पट वेगातही असा आनंद कधी झाला नव्हता. तिथे सगळं लक्ष वजन सावरण्यात जायचं. इथे गाडी काही मागतच नाही. फक्त नजर पुढच्या वळणाच्या टोकाला हवी. पाठ या हलक्या गाडीमुळे बरी झाली की आधीच झाली होती, कोण जाणे.

जमलं तर एकदा अशी गाडी चालवून बघाच. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा अनेकदा बंद असतो. चौकशी करून निघा, आणि आंधळ्या वळणावर हॉर्न देऊन आपली डावी बाजू धरा.