आईचे पाय आणि अमेरिकेचा कागद

गेली चार वर्षं आमच्या ओसरीवर रात्री एक ते तीनच्या दरम्यान चपलांचा आवाज येतो. आई असते. वय ६६. पोटऱ्यांना जुन्या लुगड्याची चिंधी आवळून बांधलेली आणि फेऱ्या चालू. विचारलं तर म्हणते, "पायात किडे वळवळतायत रे. आडवं पडलं की सुरू होतं, चाललं की थांबतं."

घरातलं दुखणं इथं का मांडतोय ते पुढे कळेल. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, मग वाताचं तेल. एका डॉक्टरांनी झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन दिलं, तर त्रास वाढलाच. (ही गोळी, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या हा आजार चेतवू शकतात, हे मला फार उशिरा कळलं.) शेवटी जिल्ह्याच्या गावी एका न्यूरोलॉजिस्टांनी नाव सांगितलं, रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. रोपिनिरोल सुरू केलं. पहिल्याच रात्री आई सलग सहा तास झोपली. पेढे वाटायचेच काय ते बाकी होतं!

दीड वर्षाने त्रास रात्री दहाऐवजी दुपारी चारलाच सुरू व्हायला लागला, हातांतही आला. डोस वाढवला. महिनाभर बरं, मग आधीपेक्षा वाईट.

याला ऑगमेंटेशन म्हणतात, म्हणजे गोळीच आजार वाढवते. रोपिनिरोलला या आजारासाठी अमेरिकेत २००५ साली मंजुरी मिळाली होती. त्याच अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं छापली, त्यात रोपिनिरोल आणि प्रॅमिपेक्सोल नेहमीचं औषध म्हणून देऊ नका असं सुचवलंय. वीस वर्षांत औषध वरून खाली आलं आणि आमच्या गावात पत्ता नाही. मी धंद्याने पत्रकार, मलाही नव्हता.

प्रिंटआउट काढून फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं वाचलं, मग म्हणाले, "साहेब, हे अमेरिकेचं. यातलं इथं काय मिळणार?"

प्रश्न रास्त आहे. गॅबापेंटिन एनाकार्बिल या औषधाला अमेरिकेत आणि जपानमध्ये या आजारासाठी मंजुरी आहे. जर्मनीत आजार तीव्र असेल तर ऑक्सिकोडोन-नॅलोक्सोन देता येतं. आपल्याकडे ऑक्सिकोडोन एनडीपीएस कायद्याखाली येतं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम थोडे सैल झाले, पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मागून बघा, दुकानदार तुमच्याकडे कसा बघतो ते! साधं गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन मात्र गावात मिळतं, आणि तीही त्या यादीत वरच आहेत.

पण खरी गोष्ट गोळ्यांच्या आधीची आहे. कागद म्हणतो, आधी रक्तातलं लोह बघा. मोठ्या माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर लोह द्यायचा विचार करा. हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी. आईचं हिमोग्लोबिन १२.१. तीन रिपोर्टांवर 'नॉर्मल' लिहिलेलं. फेरिटिन चार वर्षांत कुणीच तपासलं नव्हतं. तपासलं, तर १९.

इथं मात्र परदेशी कागद जसाच्या तसा चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका अ‍ॅनिमिक निघाल्या. तेही फक्त हिमोग्लोबिन मोजून. शिवाय अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की फेरिटिन खोटं वर जातं, आणि टीबी काय आपल्याला नवा आहे? म्हणून आपल्याकडे नुसत्या फेरिटिनवर विसंबू नका, सॅच्युरेशनही बघा, हे ठळक लिहायला हवं. आमच्या ग्रामीण रुग्णालयात यातलं काहीच होत नाही, सॅम्पल खाजगी लॅबमार्फत शहरात जातं. अ‍ॅनिमिया मुक्त भारतच्या लोहाच्या गोळ्या ४९ वर्षांपर्यंतच्या बायकांसाठी. आई त्यात बसतच नाही.

दुसरी अडचण भाषेची. 'पाय दुखतात का' असं विचारलं तर शेतात राबणारी कुठली बाई नाही म्हणेल? थकलेले पाय बसल्यावर निवतात, हे पाय बसल्यावर बिघडतात. विचारायचं ते असं : संध्याकाळनंतर बसलं, पडलं की पाय हलवावेसेच वाटतात का, आणि चाललं की बरं वाटतं का? गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत हा त्रास पुष्कळ जणींना होतो, म्हणून आमच्याकडच्या दोन आशाताईंना हा प्रश्न कागदावर लिहून दिलाय. एकीने तो रजिस्टरला चिकटवला, दुसरी म्हणाली वरून पत्र आणा. तिचंही चूक नाही.

आईला आता शिरेतून लोह दिलंय. रोपिनिरोल डॉक्टर हळूहळू उतरवतायत (कुणीही आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्रास भयानक उसळतो). जेवणानंतरचा चहा सोडायला सांगितलाय, चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, त्यावरून घरात रोज भांडण आहे. परवा ती तीनपर्यंत झोपली. काल पुन्हा एकला उठली.