लिस्बनची सहल आणि नानांची यादी

पुढील वर्षीं मे महिन्यांत लिस्बनला जावयाचें असें आमच्या घरीं ठरलें, तेव्हां पैशांची जुळवाजुळव हेंच काय तें अवघड काम, असें आम्हांस वाटलें होतें. पुतण्या तेथें नोकरीस असल्यामुळें उतरण्याची सोय घरचीच होती. एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं माजघरांत नकाशा पसरला आणि प्रेक्षणीय स्थळांची यादी सर्वांस मोठ्या उत्साहानें वाचून दाखविली.

यादींत अकरा स्थळें होतीं. ११४७ सालीं आफोन्सु एन्रिक्स राजानें मूर लोकांपासून जिंकून घेतलेला टेकडीवरील सेंट जॉर्जचा किल्ला. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपांत छप्पर कोसळलेलें व आजहि उघडेंच असलेलें कार्मो मठाचें चर्च. त्या भूकंपानंतर पोंबाल या मंत्र्यानें सरळ रस्ते आंखून वसविलेली नदीकांठची पेठ. आणि मसाल्याच्या व्यापारावरील करांतून उभारलेला बेलें येथील जेरोनिमुश मठ. ‘तेथेंच वास्को द गामाचें थडगें,’ असें आम्हीं वाचलें मात्र, आरामखुर्चींतून नानांचा आवाज आला, “अरे, तेथें कशाला?”

नाना म्हणजे आमचे वडील, वय ८२. आमचें कुलदैवत श्रीमंगेश. मूळ देऊळ कुशस्थळीस, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीस होतें. १५६० सालीं पोर्तुगीजांच्या जाचामुळें भक्तांनीं देव उचलून नदीपार प्रियोळास नेला. ही हकीकत नानांनीं आम्हांस लहानपणीं इतक्या वेळां सांगितली आहे कीं, ती जणूं आमच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत घडली असावी, असें आम्हांस वाटे.

आम्हांस थोडा रागहि आला, हें कबूल केलें पाहिजे. आम्ही म्हणालों, “नाना, त्या गोष्टीस साडेचारशें वर्षें होऊन गेलीं. १९६१ सालीं गोवा मुक्त झाला. १९७४ सालीं त्या लोकांनीं स्वतःची हुकूमशाही उलथून टाकली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोवा भारताचा असल्याचें मान्य केलें. आजच्या लोकांवर राग कसला?”

“लोकांवर माझा राग नाहीं,” नाना शांतपणें म्हणाले. “पण तुझ्या यादींत आपलें असें कांहींच दिसत नाहीं. त्यांचें वैभव पाहावयाचें, वाहवा म्हणावयाचें आणि परत यावयाचें, एवढेंच ना?”

आम्ही निरुत्तर झालों. तेवढ्यांत आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “मामंजी, मग यादी तुम्हीच करा ना!”

तीन दिवस नाना कपाटांतील पुस्तकें काढून बसले होते. चौथ्या दिवशीं त्यांनीं एक कागद आमच्या हातीं दिला. पहिलें नांव होतें तोर्रे दु तोंबु, म्हणजे पोर्तुगालचें राष्ट्रीय दफ्तरखाना. किल्ल्यांतील ज्या बुरुजांत हें दफ्तर असे तो भूकंपांत पडला, पण ढिगाऱ्यांतून कागद वांचविण्यांत आले. हिंदुस्थानविषयींचे जुने कागद त्यांत आहेत. दुसरें, बेलेंचा नदीकांठ. ८ जुलै १४९७ रोजीं गामाचीं जहाजें निघालीं ती जागा. आणि तिसरें, खुद्द त्याचें थडगें! पुढें नानांनीं लिहिलें होतें : ‘हा मनुष्य १५२४ सालीं आपल्याच कोचीनला मेला, अस्थि मागाहून तिकडे नेल्या. नमस्कार करणार नाहीं, पण पाहीन.’

‘पाहीन’ हा शब्द आम्हीं दोनदां वाचला. नाना स्वतः येणार आहेत, हें तोंवर आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें.

मग सारा बेत नव्यानें आंखावा लागला. परवान्याचा अर्ज सहा महिन्यांहून आधीं करतां येत नाहीं व तीस हजार युरोंचा विमा लागतो, हें तर होतेंच. परंतु खरी चिंता नानांच्या पायांची. शहर टेकड्यांचें, पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे. पाऊस पडला कीं निसरडे. म्हणून किल्ल्यापर्यंत मोटारीनें जावयाचें, अठ्ठावीस क्रमांकाच्या गर्दीच्या ट्रामचा मोह सोडावयाचा आणि दिवसाला एकच स्थळ पाहावयाचें. जेरोनिमुश मठ सोमवारीं बंद असतो, म्हणून तो मंगळवारीं ठेवला. तेथील प्रसिद्ध गोड पेस्ट्रींत अंड्याचा बलक असतो; नानांसाठीं लाडू येथूनच न्यावयाचे. अकरांपैकीं पांच स्थळें उरलीं. मुलें प्रथम हिरमुसलीं. पण दफ्तरखान्यांत काय विचारावयाचें याचे प्रश्न आतां तींच नानांजवळ बसून लिहीत असतात.

डॉक्टरांनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. दोन महिन्यांनीं पुन्हां तपासूं म्हणाले आहेत. नकार आला तर आम्ही जाणार कीं नाहीं, हा प्रश्न घरांत कोणीं काढलेला नाहीं. नाना मात्र रोज सायंकाळीं पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालत जातात, आणि गेल्या आठवड्यापासून काठी टेकीत थोड्या पायऱ्याहि चढूं लागले आहेत.